बैठकीसकट पृथ्वी



व्यासपीठावरच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली वस्तू तुम्ही मघापासून पाहता आहात. बारा इंची पृथ्वीगोल, त्याच्याभोवती पितळी कडं, खाली चार कातीव पायांची लाकडी बैठक. सरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. ज्या गोलावर सरांनी आम्हाला भूगोल शिकवला, तोच हा. आज तो बैठकीवर आहे. मधली बरीच वर्षं तो बैठकीवर नव्हता.

ती हकिगत आधी सांगतो. सर निवृत्त झाले, पुढे शाळेची नवी इमारत झाली, जुनं सामान इकडचं तिकडे गेलं. एकदा सहज गेलो तर हा गोल कार्यालयातल्या काचेच्या कपाटात, ढाली आणि करंडकांच्या मधोमध, कापडाच्या चुंबळीवर ठेवलेला दिसला. बैठक कुठे आहे म्हणून विचारलं, तर कुणाला सांगता येईना. शेवटी ती मागच्या अंगणात सापडली. वरच्या लाकडी वर्तुळात कुंडी बसवलेली होती, आणि तुळशीला घातलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या वर्तुळावर ओघळत होतं. वर्तुळावर चिकटवलेला छापील कागद निम्मा गेलेला होता. कुणी मुद्दाम नासधूस केली असं मी म्हणणार नाही. गोल तेवढा मोलाचा, बैठक म्हणजे लाकूड, असा साधा समज होता. पण घड्याळाची तबकडी जपून भिंतीवर लावावी आणि काटे भंगारात द्यावेत, तसं ते झालं होतं. जुन्या पृथ्वीगोलाचं अर्धं यंत्र त्याच्या लाकडात असतं. आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

हे गोल घडत कसे, ते थोडक्यात पाहू. साच्यावर कागदाचे थर चिकटवून दोन अर्धगोल करायचे, मधल्या लाकडी दांड्यावर ते जोडायचे, वरून पांढऱ्या लेपाचा थर देऊन गुळगुळीत करायचं. गोल एका बाजूला कलंडत असेल तर आत शिशाच्या छर्‍यांची पिशवी चिकटवून तोल साधायचा. मग नकाशा. तो सपाट कागदावर तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला असे, आणि कलिंगडाच्या फाकांसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, साधारणपणे बारा पट्ट्यांत कापून गोलावर डकवत. ओला कागद ताणतो. त्यामुळे एका फाकेवरची नदी दुसऱ्या फाकेवरच्या नदीला जाऊन मिळावी, यासाठी चिकटवणाऱ्याच्या बोटांत फार कसब लागे. आमच्या गोलावर ऑस्ट्रेलियाजवळ एक सांधा जरा चुकला आहे. सर तो मुद्दाम दाखवत. इथे माणसाचा हात लागला आहे, असं म्हणत.

गोलाचं वय त्याच्यावरच्या नावांवरून काढता येतं. आफ्रिकेच्या पोटात मोठी पांढरी जागा आहे, पण व्हिक्टोरिया सरोवर आलेलं आहे. म्हणजे स्पीकने ते १८५८ मध्ये पाहिल्यानंतरचा हा गोल. अलास्कावर अजून रशियाचं नाव आहे आणि तो मुलूख अमेरिकेने १८६७ मध्ये विकत घेतला. सुएझची संयोगभूमी अखंड आहे, कालवा खुला झाला १८६९ मध्ये. जुन्याच नकाशाचे गोल पुढे काही वर्षं विकणारे कारखानदारही होते, तेव्हा हा अंदाज आहे, दाखला नव्हे. पण १८६० च्या आसपासचा हा गोल धरला, तर तो घडला तेव्हा आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज शाळकरी वयाचे होते. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता बैठक. चार पायांवर जे आडवं रुंद लाकडी वर्तुळ आहे, त्याला सर 'क्षितिज' म्हणत. ते अक्षरशः क्षितिजच आहे. त्याच्यावर बाहेरून महिने आणि तारखा, त्याच्या आत बारा राशी, त्याच्या आत दिशांचे अंश छापलेले असतात. गोल पितळी कड्यात फिरतो, आणि ते कडं क्षितिजाच्या दोन खाचांतून वर-खाली सरकतं. आजचे प्लॅस्टिकचे गोल साडेतेवीस अंशांच्या कलात कायमचे अडकवलेले असतात. हा गोल मोकळा आहे. त्याला आपल्या गावाला 'लावून घ्यावं' लागतं.

कोल्हापूरचे अक्षांश १६ अंश ४२ मिनिटं उत्तर. तर उत्तर ध्रुव क्षितिजाच्या वर १६ अंश ४२ मिनिटं येईपर्यंत कडं सरकवायचं, मग गोल फिरवून कोल्हापूर कड्याखाली आणायचं. (गोल पहिल्या बाकाकडे वळवून दाखवतात.) आता पाहा. कोल्हापूर गोलाच्या ऐन माथ्यावर आलं आहे. लाकडी वर्तुळाच्या वर आहे ती आपल्या बाजूची अर्धी पृथ्वी. वर्तुळाच्या खाली, बरोबर आपल्या पायांच्या सरळ रेषेत, प्रशांत महासागराचं निव्वळ पाणी आहे. मुलं हमखास विचारायची, सर, माथ्यावर लंडन नसतं का? सर ध्रुव साडेएक्कावन्न अंशांवर न्यायचे आणि लंडन माथ्यावर आणून दाखवायचे. मग कुणीतरी गगनबावडा म्हणायचं, कुणी राधानगरी. ज्याचं गाव त्याने सांगावं आणि सरांनी ते वर आणावं. नांदणीहून रोज सायकलवर येणारा एक मुलगा होता, तो आपलं गाव माथ्यावर आलेलं पाहून गप्पच झाला. जगाचं केंद्र कुठे आहे या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही.

आता या लाकडाकडून काय काय कळतं, ते आपल्याच अंबाबाईच्या देवळावरून सांगतो. तिथे किरणोत्सव होतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तीन संध्याकाळी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि एकेका दिवशी चरण, छाती, मुख असे वर चढत जातात. हाच सोहळा ९, १० आणि ११ नोव्हेंबरलाही होतो. वर्षात दोनदाच, आणि याच तारखांना का? भक्तांना त्याचं उत्तर लागत नाही, पण विद्यार्थ्याला लागतं. गोल कोल्हापूरला लावा. क्षितिजावरच्या कागदावर १० नोव्हेंबर शोधा आणि त्या दिवशी सूर्य क्रांतिवृत्तावर कुठे असतो तो बिंदू पाहा. क्रांतिवृत्त म्हणजे गोलावर काढलेली ही तिरकी रेघ. आता तो बिंदू पश्चिमेकडच्या लाकडी काठाला टेकवा. काठावर वाचा: बरोबर पश्चिमेच्या दक्षिणेला सतरा-अठरा अंश. आता १ फेब्रुवारीचा बिंदू घ्या आणि तोही काठाला टेकवा. तीच जागा. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे निघालेला असतो, फेब्रुवारीत तो परतीच्या वाटेवर असतो. मधे डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस, त्याच्या अलीकडे एकेचाळीस दिवस आणि पलीकडे जवळपास तितकेच. जाताना आणि येताना तो एकाच खिडकीतून डोकावतो. ज्यांनी देवळाची दिशा धरली त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. सरांनी हे आम्हाला दाखवलं तेव्हा वर्गातली पोरं संध्याकाळी थेट देवळात पळाली. आज किरणांच्या वाटेतल्या बांधकामांवरून चर्चा होतात, मोजमापं होतात. ती व्हायलाच हवीत. पण शहरातल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी लाकडी काठावर तो बिंदू स्वतःच्या हाताने टेकवलेला असता, तर त्या चर्चेत बोलणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली असती, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. गोल कोल्हापूरला लावलेला असताना क्रांतिवृत्ताचा कोणता बिंदू ऐन डोक्यावरून जातो ते पाहिलं, तर तारखा निघतात मे महिन्याच्या सहा-सातच्या सुमाराच्या आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या. ऑगस्टात ढग असतात, पंचगंगेला पूर असतो, आभाळाकडे बघायला सवड नसते. मेमध्ये मात्र भर दुपारी आपली सावली आपल्याच पायांखाली जाते. ६ मे ही राजर्षी शाहू महाराजांची पुण्यतिथी आहे. १९२२ साली ते गेले. त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं नसतं, तर माझ्या वडिलांच्या हाताला कुठलाच गोल लागला नसता. सावली पायाखाली जाते त्या क्षणी मला दरवर्षी हे आठवतं.

कुणाला वाटेल की पृथ्वी गोल आहे हे आपल्याला या विलायती वस्तूने शिकवलं. तसं नाही. आर्यभटाने पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली होती, सगळ्या अंगाने केसर असलेल्या गोळ्याची. सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत विचारलं की पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला आधार कोणता, आणि त्याला कोणता? ती सपाट का दिसते याचंही त्यांनी समाधान केलं: वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि माणसाला पृथ्वीचा फार लहान तुकडा दिसतो. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या वंशजाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. तेव्हा गोळा आपल्याकडे होता. नव्हते ते त्याच्यावरचे देश. न्युरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमने १४९२ मध्ये केलेला गोल, जो आज सर्वांत जुना टिकून असलेला पृथ्वीगोल मानतात, त्याच्यावर अमेरिका नाही. त्याच वर्षी कोलंबस निघाला होता. गोलावरचे देश प्रत्येकाने हळूहळूच भरले.

मराठीत ते कसे भरले गेले, याची एक गोष्ट मला फार प्रिय आहे, आणि तिचा मान आपल्या छत्रपती घराण्याच्या दूरच्या पातीला जातो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापलं. त्या गादीवर १७९८ मध्ये दुसरे सरफोजी आले. १७७७ चा जन्म, श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली झालेलं शिक्षण. पुढच्याच वर्षी कंपनीने राज्याचा कारभार काढून घेतला आणि राजांकडे उरला किल्ला, वाडा आणि ग्रंथालय. बऱ्याच राजांनी अशा वेळी काय केलं ते आपण जाणतो. सरफोजींनी पुस्तकं, नकाशे, पृथ्वीगोल, हवा काढायचा पंप, वीज निर्माण करायचं यंत्र अशा वस्तू जमवल्या. सरस्वती महाल ग्रंथालय आज जगात ओळखलं जातं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रकाठी 'मनोरा' बांधला. कावेरीच्या खोऱ्यातला एक मराठी राजा युरोपातल्या लढाईची नोंद दगडात करून ठेवतो, म्हणजे त्याच्या मनातला गोल रोज फिरत असणार.

पण गोल घरात आणणं सोपं. त्याला आपल्या अक्षांशाला लावणं अवघड. सरफोजींनी ते केलं 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात. कुरवंजी हा तिकडचा लोकप्रिय नाट्यप्रकार. विरहात झुरणारी नायिका असते आणि तिचं भविष्य सांगायला कुरव जमातीची फिरस्ती बाई येते. ती हात बघते, नवस सांगते, आणि आपण कुठे कुठे हिंडलो त्या डोंगरांची, गावांची वर्णनं गाते. आपल्या भागात ज्यांना कोरवी म्हणतात, डालगी-टोपल्या विणणारे आणि लग्नात सनई वाजवणारे, त्यांच्याच नात्यातली ही बाई. सरफोजींनी पाहिलं की या बाईचं कामच मुळी देश सांगण्याचं आहे. मग तिच्या तोंडी त्यांनी सह्य-मलयाऐवजी सगळी पृथ्वी घातली. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. त्यांतले देश, त्यांतली शहरं. टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई खुद्द इंद्राच्या घरात जाऊन जगाचा भूगोल गाते, आणि तोही मराठीत, दक्षिणी तालासुरावर.

याच्या मोठेपणाकडे आपलं लक्ष गेलं पाहिजे. राजाला परदेशी पुस्तकाचं भाषांतर करवून घेता आलं असतं. पंडिताच्या तोंडी संस्कृत श्लोक घालता आले असते. त्याऐवजी त्याने विचार केला की आपल्या लोकांत लांबच्या मुलखाची बातमी खरोखर कोण आणतं. भटके आणतात. मग ज्ञान त्यांच्याच झोळीत ठेवावं. क्षितिज आपलं, ध्रुव आपल्या उंचीवर, आणि मग गोल फिरवायचा: तंजावरच्या पावणेअकरा अंशांवर उभं राहून पाहिलेली ही पृथ्वी आहे. मराठीतला हा ठेवा तंजावरला छापला गेला, पण आपल्या महाराष्ट्रातल्या भूगोलाच्या किती शिक्षकांना तो माहीत आहे? कोल्हापुरात नाटकाची एवढी मोठी परंपरा आहे. कुणीतरी ही कुरवंजी रंगमंचावर आणावी, शेजारी खराखुरा पृथ्वीगोल ठेवावा आणि कोरवी समाजातल्या सनईवाल्यांना बोलवावं, असं माझं जाहीर मागणं आहे.

याच जातीचं दुसरं काम भोपाळजवळच्या सीहोरला झालं. लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या पाठशाळेत भास्कराचार्यांचा सिद्धान्त पुढे ठेवून नवं खगोलशास्त्र शिकवायचा प्रयत्न केला, आणि सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांतली सपाट पृथ्वी, सिद्धान्तातली गोल पृथ्वी आणि कोपर्निकसची फिरती पृथ्वी त्यांनी शेजारी शेजारी मांडून तपासली. नव्याकडे जायची पायरी त्यांना घरातच सापडली.

आता राजाराम महाराज. १८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० च्या उन्हाळ्यात, विसाव्या वर्षी, ते विलायतेला निघाले. समुद्र ओलांडणं तेव्हा राजालाही सोपं नव्हतं. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचताना जाणवतो तो रोजचं पाहिलेलं नेमाने टिपून ठेवणारा तरुण. आज काय पाहिलं, कुणाला भेटलो, कोणती संस्था कशी चालते. गोलावर बोट ठेवून पाहिलेली ठिकाणं प्रत्यक्ष पाहायची त्याची घाई त्या ओळींत आहे. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं.

पुढचं आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथे मिळतो त्या संगमावर, कास्चिने बागेच्या टोकाला, त्यांच्यावर हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाला. मृतदेह जाळण्याची चाल त्या शहरात नव्हती, तरी परवानगी मिळाली. तिथे १८७४ मध्ये छत्री उभी राहिली, तिच्याखाली फुलर या शिल्पकाराने केलेला रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला लोक आजही 'त्या हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. मी एकदा त्या संगमावर गेलो आहे. पाणी संथ होतं, काठावर माणसं सायकली चालवत होती. मला ब्रह्मपुरीची आठवण आली. आपल्या पंचगंगेच्या काठावरच्या त्या टेकाडात १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, आणि पॉसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती तिथे मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकडून दोन हजार वर्षांपूर्वी एक देव इथल्या नदीकाठी आला, आणि इथल्या नदीकाठचा एक राजा तिकडच्या नदीकाठी राहिला.

सरांनी एकदा ३० नोव्हेंबरला तास घेतला होता. भाषण केलं नाही. आधी कड्याखाली कोल्हापूर आणलं, मग फ्लॉरेन्स, आणि ध्रुवाजवळच्या छोट्या तबकडीवर वेळ वाचायला सांगितली. अंतर निघालं चार तास बारा मिनिटं. कोल्हापुरात जोतिबाच्या डोंगरावर दुपार झालेली असते तेव्हा फ्लॉरेन्समध्ये सकाळचे पावणेआठ.

मग त्यांनी ध्रुव पावणेचव्वेचाळीस अंशांवर चढवला. क्षितिजावर ३० नोव्हेंबर शोधला, सूर्याचा बिंदू पूर्वेच्या लाकडी काठाला टेकवला, तबकडीचा काटा बारावर आणला आणि बिंदू पश्चिमेच्या काठाला टेकेपर्यंत गोल हळूहळू फिरवला. आम्ही मोठ्याने तास मोजत होतो. नऊ तासांवर सूर्य मावळला. महाराजांचा शेवटचा दिवस एवढा होता, सर म्हणाले.

नंतर त्यांनी ध्रुव खाली घेतला, कोल्हापूरच्या सोळा अंश बेचाळीस मिनिटांवर आणला, आणि तोच दिवस पुन्हा पूर्वेच्या काठापासून फिरवायला सुरुवात केली. नऊ झाले तरी सूर्य काठाच्या वरच होता. आम्ही दहा मोजले, अकरा मोजले, आणि मग तो मावळला.